नार्नूरचा खामदेव आणि क्रीटची नागदेवी

पौष महिना मराठी गृहस्थाच्या लेखी भाकड. या महिन्यात लग्ने लागत नाहीत, सोयरिकीची बोलणी निघालीच तर ती माघावर ढकलली जातात, आणि मुहूर्त सांगणाऱ्या शास्त्रीबुवांनाही थोडी विश्रांती मिळते. आदिलाबाद जिल्ह्याच्या डोंगराळ मुलखात मात्र नेमका हाच महिना देवांचा मानला जातो. खरिपाची सुगी उरकलेली असते, घरात दाणागोटा आलेला असतो, आणि राजगोंडांची कुळेच्या कुळे आपापल्या देवांच्या ठाण्यांकडे निघतात. या मुलखातील नार्नूर या गावी पौषी पौर्णिमेस तोडसाम कुळाच्या खामदेवाची जत्रा भरते. पूजा आटोपली की कुळाची एक लेक देवासमोर बसते, आणि कुळातील घरांनी आणलेले तिळाचे तेल, दोन ते अडीच किलो, सर्वांच्या देखत पिऊन टाकते. हे व्रत एकदा अंगीकारले की लागोपाठ तीन वर्षे पाळावयाचे असते. त्यामुळे शेत पिकते, कुळात संतती होते, घराघरांत सुख नांदते, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

येथे ‘लेक’ या शब्दाला महत्त्व आहे. गोंडांत एका कुळात सोयरीक होत नाही. इतकेच नव्हे, तर चार, पाच, सहा वा सात देवांच्या ज्या गटात आपले कुळ मोडते त्या गटातील दुसऱ्या कुळाशीही ती होत नाही. त्यामुळे तोडसामांच्या घरी जन्मलेली मुलगी लग्न होताच दुसऱ्या देवांच्या घरची होते. अलीकडच्या वर्षांत हे तेल प्यालेली एक माहेरवाशीण तर राज्याची सीमा ओलांडून, चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यातून आली होती. जी परक्या देवांकडे गेली, तिनेच परत येऊन माहेरच्या देवापुढे माहेरच्या सुखासाठी देह कष्टवावा, असा या विधीचा घाट आहे. दिवाळीत भावाला ओवाळावयास येणाऱ्या मराठी बहिणीला तो मुळीच परका वाटू नये.

आता क्षणभर कल्पना करावी की, साडेतीन हजार वर्षे लोटली आहेत. नार्नूर मातीखाली गेले आहे. गोंडी बोलणारा कोणी उरलेला नाही. एखादा उत्खननकार येतो, त्याला देवळाचा चौथरा सापडतो, मडकी सापडतात, आणि एका मडक्याच्या बुडाशी तिळाच्या तेलाचा अंश सापडतो. तो काय लिहील? देवापुढे दिवे जळत असत, असे तो लिहील. त्याचे हे अनुमान सर्वस्वी तर्कशुद्ध असेल, आणि सर्वस्वी चुकीचे असेल. ती माहेरवाशीण त्याच्या टिपणात कोठेही असणार नाही.

क्रीट बेटावरील प्राचीन लोकांच्या धर्माविषयी आज जगाला जे ठाऊक आहे, ते बहुतांशी या प्रकारचे आहे. भूमध्य समुद्रात ग्रीसच्या दक्षिणेस हे लांबट, डोंगराळ बेट पसरले आहे. इसवी सनापूर्वी सुमारे दोन हजार वर्षांपासून तेथे मोठमोठे प्रासाद उभे राहिले. सर आर्थर एव्हान्स या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने 1900 साली क्नोसस येथे उत्खननास आरंभ केला, आणि ग्रीक पुराणांतील मिनोस राजाच्या नावावरून या संस्कृतीला ‘मिनोअन’ हे नाव रूढ केले. ते लोक स्वतःला काय म्हणवीत, हे कोणालाही ठाऊक नाही. त्यांच्या धर्माचा अभ्यास करणाऱ्यापुढे असलेली सारी अडचण या एका वाक्यात आली.

1903 साली क्नोससच्या प्रासादात फरशीखालच्या दोन दगडी पेट्यांतून काचेच्या लुकणाने मढविलेल्या स्त्रीमूर्तींचे तुकडे निघाले. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 या काळातील त्या मूर्ती. एकीच्या अंगाभोवती नाग वेटाळलेले, दुसरीने ते हात उभारून धरलेले. एव्हान्सने तिला नागदेवी म्हटले, आणि क्रीटची आदिमाता म्हणून ती जगभर गाजली. तिची चित्रे शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोहोचली. मात्र ज्या मूर्तीची चित्रे सर्वांत अधिक छापली जातात, तिचे मस्तक सापडले नव्हते व एक हातही नव्हता. मस्तक एव्हान्सच्या कारागिराने नवे घडविले, आणि त्यावर जी मांजर बसविली ती मूळची त्याच मूर्तीची होती की काय, याचीही शंका अभ्यासकांनी घेतली आहे. ती देवी होती की देवीची पुजारीण, हा वाद तर अद्याप मिटलेला नाही. जगाने हात जोडले ते निम्म्याअधिक एव्हान्सच्या कल्पनेला, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

नागदेवी म्हटल्याबरोबर नार्नूरच्या शेजारच्या केस्लापूरची आठवण होणे साहजिक आहे. इंद्रवेल्ली मंडळातील या गावी मेसराम कुळाचा नागोबा आहे. पौष अमावास्येच्या रात्री त्याची महापूजा होते. तत्पूर्वी मेसरामांची माणसे अनवाणी चालत जन्नारमजवळच्या हस्तिनामडुगू येथे गोदावरीवर जातात, पितळी झारीत गंगाजल भरून घेतात आणि पुन्हा पायी परततात. जाण्यायेण्यास कित्येक दिवस लागतात. केस्लापुरास आल्यावर वडांच्या झाडाखाली मुक्काम पडतो. पूजेची मडकी ठराविक गावच्या कुंभाराकडून येतात. कुळाच्या लेकी आणि जावई पाणी आणून माती कालवितात व त्या मातीचे वारूळ रचतात. मग गोदावरीच्या पाण्याने देवाला अभिषेक होतो. महापूजेनंतर वर्षभरात लग्न होऊन आलेल्या सुनांची देवाशी भेट घडविली जाते. पांढरी लुगडी नेसून, डोईवरचा पदर पुढे ओढून त्या रांगेने येतात. ही भेट होईपर्यंत त्यांना कुळाच्या पूजेत भाग घेता येत नाही. भेट झाली की त्या मेसरामांच्या झाल्या.

हे दोन्ही प्रकार पाहून कोणी घाईघाईने असे म्हणेल की, जे क्रीटमध्ये तेच केस्लापुरात. जगभरच्या आदिम माणसांचा धर्म एकच. असली विधाने ऐकावयास गोड, पण ती पारखून घ्यावी लागतात. क्रीटच्या मूर्तीत नाग हा स्त्रीच्या हाती आहे. तो तिचे वाहन असेल, शस्त्र असेल वा खूण असेल. केस्लापुरात नाग हाच देव आहे, आणि स्त्रिया त्याला भेटावयास येतात. एका ठिकाणी स्त्री स्वामिनी दिसते, दुसऱ्या ठिकाणी ती नव्या घराची दीक्षा घेणारी सून आहे. साम्य आहे ते निराळ्या जागी. दोन्हीकडे धर्म हा एकट्यादुकट्याच्या मनातील चिंतनाचा विषय दिसत नाही. तो सर्वांनी मिळून करावयाचा आहे. पाणी वाहावयाचे, माती कालवावयाची, डोंगर चढावयाचा, गुहेत उतरावयाचे, अशा देहाच्या कृतींतून तो चालतो.

डोंगर आणि गुहा यांचा विशेष उल्लेख करावयास हवा, कारण क्रीटच्या धर्माचे सर्वांत बोलके पुरावे तेथेच मिळाले आहेत. क्नोससवरून दिसणाऱ्या युक्तास पर्वताच्या माथ्यावर एक पूजास्थान होते. तेथील खडकाला खोल भेग आहे आणि तिच्यात लोक आपल्या वस्तू टाकीत असत. बेटाच्या पूर्व टोकाकडील पेत्सोफास या टेकडीवर मातीची माणसे व गुरे तर सापडलीच, पण सुटे हात, सुटे पायही सापडले. ज्याचा जो अवयव दुखे, त्याची प्रतिमा त्याने देवापुढे ठेवली असावी. ज्याने आपल्याकडील देवीला नवसाचे चांदीचे डोळे वाहिलेले पाहिले आहेत, त्याला याचा अर्थ सांगावयास नको. अम्निसोसजवळच्या गुहेत प्रसूतीच्या देवीची पूजा होई, आणि ग्रीकांच्या काळातही ती थांबली नाही.

नार्नूरच्या परिसरातही देवांना गुहा प्रिय आहे. पूर्वेस केरामेरी मंडळातील महाराजगुड्याजवळ, महाराष्ट्राच्या अगदी सीमेवर, जंगुबाईचे ठाणे आहे. डोंगरातील काळोख्या गुहेत दिवा तेवतो, आणि पौषभर दोन्ही राज्यांतील भाविक तेथे येतात. मूर्ती घडवून बसविण्याची तेथे रीत नाही. गोंडांच्या पुराणात गुहेचे महत्त्व याहून मोठे आहे. गोंडांचे देव मुळात एका गुहेत कोंडले गेले होते. पहांदी कुपार लिंगाने त्यांची सुटका केली आणि त्यांना चार गटांत वाटून दिले, त्यातूनच आजची कुळव्यवस्था आली, असे ही कथा सांगते. गोंदिया जिल्ह्यातील कचारगड येथील गुहा ती हीच, असे तिकडील गोंड मानतात. माघी पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते. गुहेच्या तोंडावरची शिळा हिरासुका नावाच्या वादकाने किंगरी वाजवून हलविली, आणि त्याच शिळेखाली तो चिरडला गेला, अशी तेथील परंपरा आहे. देव सुटले आणि वादक गेला!

ही कथा केवळ करुण म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिच्यात गोंडी धर्माचा कणा सांगितलेला आहे. गोंडांच्या कुळदेवाला पेर्सा पेन, म्हणजे थोरला देव, म्हणतात. त्याचे चिन्ह म्हणजे लोखंडी भाल्याचे पाते आणि चवरी. एरवी ती गावाबाहेर जपून ठेवलेली असतात. पूजेच्या वेळी काढतात, पाण्याने न्हाऊ घालतात, आणि मग देव आला असे समजतात. परंतु तो येण्यासाठी कुळाच्या पुजाऱ्याइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, गरज असते ती परधानाची. परधान हा गोंड कुळाचा वंशपरंपरागत गायक होय. तीन तारांची किंगरी गजाने वाजवीत तो कुळाची उत्पत्तिकथा गातो. ती गाईली गेली नाही तर देव लोखंडच राहतो. माणूस मेल्यावरही परधानाचेच काम पडते. मृताचा आत्मा पूर्वजांत आणि कुळदेवात मिळवून देण्याचा जो विधी असतो, तो त्याच्या वाद्याखेरीज पुरा होत नाही. आणि मराठी श्रोत्याने लक्षात ठेवावे असे यात आणखी एक आहे. आदिलाबादकडील परधानांची घरची बोली मराठी आहे. घरात मराठी बोलणारा हा माणूस यजमानाच्या दारी उभा राहतो आणि गोंडांचे पुराण गोंडीत गातो. स्वतः गोंडांना आपल्या देवांचा वृत्तांत शेकडो वर्षे या मराठीभाषकाच्या मुखातून ऐकावा लागला आहे.

क्रीटमध्येही असा कोणी गायक होता काय? आया त्रियादा येथे 1903 साली एक चुनखडीची शवपेटी सापडली. तिच्यावर इसवी सनापूर्वी सुमारे 1400 च्या काळातील रंगीत चित्रे आहेत, आणि क्रीटच्या धर्मविधीचे याहून सविस्तर चित्र दुसरे नाही. एका बाजूस मेजावर बांधलेला बैल आहे. त्याच्या गळ्यातील रक्त खालच्या भांड्यात ठिबकते आहे, आणि मागे एक मनुष्य जोडपावा वाजवीत आहे. दुसऱ्या बाजूस दोन उभ्या खांबांवर दुधारी कुऱ्हाडी आहेत आणि त्यांच्यावर पक्षी बसले आहेत. खांबांच्या मध्ये ठेवलेल्या मोठ्या भांड्यात एक स्त्री काही ओतते आहे. तिच्यामागून दुसरी स्त्री कावडीतून दोन भांडी घेऊन येत आहे, आणि तिच्या पाठीशी सात तारांचे वाद्य छेडणारा पुरुष आहे. पलीकडे तीन पुरुष वासरे आणि नावेची प्रतिकृती घेऊन निघाले आहेत. ती ते कोणाला देणार? एका छोट्या वास्तूसमोर अंगभर वस्त्र गुंडाळलेली, हात न दिसणारी एक आकृती स्तब्ध उभी आहे. तो मृत मनुष्यच, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

गोंडांचा मृतसंस्कार ज्याने पाहिला आहे, त्याला हे चित्र एखाद्या ओळखीच्या घरात शिरल्यासारखे वाटेल. वाद्य आहे, पशू आहे, भांड्यातून ओतणे आहे, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो मृतही समोर हजर आहे. पण सप्ततारी छेडणारा तो पुरुष काय गात आहे? त्याच्या गाण्यात त्या मृताला कोणते नाव आहे? पक्षी म्हणजे देव की देवांचे दूत? चित्रातला वादक तीन हजार चारशे वर्षे वाजवीत आहे, आणि त्याचा एक स्वरही कोणाला ऐकू आलेला नाही. परधानाची थोरवी समजून घ्यावयाची असेल, तर या चित्रासमोर उभे राहावे.

ही थोरवी एका परक्या माणसाने वेळीच ओळखली, हे आदिलाबादचे भाग्य. 1940 साली जोडेघाट येथे कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात पडला. त्यानंतर या डोंगरातील असंतोषाची कारणे शोधण्यासाठी निजाम सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठविले. नार्नूरपासून जवळच असलेल्या मार्लवाई या खेड्यात तो आणि त्याची पत्नी बेटी गवती छपराच्या घरात राहिले. त्याने परधानांना बसवून घेतले, त्यांच्या मुखातील पुराणे उतरवून घेतली, आणि 1948 साली राजगोंडांच्या कथा व विधी यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. एव्हान्सच्या आणि त्याच्या कामातील भेद असा की, एकाला तुकडे जोडून देव घडवावा लागला, आणि दुसऱ्याला शेजारी बसलेल्या माणसाला विचारता आले.

मात्र जिवंत धर्माला विचारता येते, त्याचप्रमाणे तो बदलतोही. नार्नूरचे तैलव्रत अनादी असावे असे पाहणाऱ्यास वाटते. पण ते 1961 पासून चालत आले आहे, असे कुळातील लोकच सांगतात. केस्लापुरात मेसरामांनी स्वतःच्या वर्गणीतून दगडी मंदिर उभारले आणि 2022 च्या डिसेंबरात त्याची प्रतिष्ठापना केली. वारुळाच्या देवाला कोरीव दगडांचे घर मिळाले. काहींना यात हानी दिसते. परंतु जो धर्म दीड हजार वर्षांत एकदाही बदलत नाही तो बहुधा संग्रहालयातच असतो. क्रीटमध्येही पालट झालेच असतील. ते एकमेकांवर चढलेल्या मातीच्या थरांत इतके दबले आहेत की, हजार वर्षांच्या उलाढाली एका ‘मिनोअन धर्म’ या नावाखाली गोळा करून ठेवण्यावाचून गत्यंतर राहिलेले नाही.

राहिला प्रश्न लिपीचा. क्रीटचे लोक लिहीत असत. त्यांच्या ज्या लिपीला ‘रेखालिपी अ’ म्हणतात, ती अद्याप उलगडलेली नाही. तिच्या मागून आलेली ‘रेखालिपी ब’ मायकेल व्हेन्ट्रिस या तरुण वास्तुशास्त्रज्ञाने 1952 साली वाचली, तेव्हा ती भाषा ग्रीक निघाली. म्हणजे क्रीटवर सत्ता मिळविलेल्या परक्यांची. त्या लिपीतील एका मातीच्या पाटीवर क्नोससच्या कारकुनाने नोंद केली आहे: सर्व देवांना मधाचे एक भांडे, चक्रव्यूहाच्या स्वामिनीला मधाचे एक भांडे. एकटीला एक, आणि बाकी सर्वांना मिळून एक! त्या देवीची योग्यता एवढ्या हिशेबावरून कळते. तिचे स्वतःचे नाव मात्र त्या कारकुनाने लिहिले नाही.

जुन्या लिपीची स्थिती अधिक चमत्कारिक आहे. डोंगरमाथ्यावरच्या पूजास्थानांतून दगडी अर्घ्यपात्रे सापडली आहेत, आणि त्यांच्यावर एक ठराविक शब्दमाला पुनःपुन्हा कोरलेली दिसते. नंतरच्या लिपीतील अक्षरांच्या आधाराने तिचा उच्चार साधारणपणे करता येतो. तिच्यातील एक शब्द देवीचे नाव असावे, असे काही पंडित मानतात. म्हणजे ती प्रार्थना आज मोठ्याने म्हणता येते. तिचा अर्थ मात्र ती म्हणणाऱ्याला कळत नाही.

नार्नूर मंडळातच गुंजाळा नावाचे एक लहान गाव आहे. 2006 साली हैदराबाद विद्यापीठाचे प्राध्यापक जयधीर तिरुमलराव आणि त्यांचे सहकारी तेथे पोहोचले. परधानांच्या घरी त्यांना काही जुन्या पोथ्या मिळाल्या. भाषा गोंडी, पण लिपी तेलुगू नव्हे, देवनागरी नव्हे, अन्य कोणतीही ओळखीची नव्हे. त्यांपैकी जुन्या पोथ्या इसवी सन 1750 च्या सुमारच्या असाव्यात असा अंदाज आहे. चंद्रपूरच्या गोंड राजांचा वृत्तांत, ब्रह्मदेशाशी चाललेला व्यापार, महिन्यांची व सणांची नावे असा मजकूर त्यांत आहे. बालाघाटकडील मुनशी मंगलसिंह मसराम यांनी 1918 साली गोंडीसाठी एक लिपी तयार केली होती, तिच्याशी या लिपीचा संबंध नाही. ही स्वतंत्र आहे.

क्नोससला जे घडले ते गुंजाळ्यासही घडावयास फार अवकाश नव्हता. लिपी वाचू शकणारी माणसे गावात मोजकीच उरली होती, आणि ती सर्व वृद्ध होती. आणखी वीसपंचवीस वर्षे गेली असती, तर या पोथ्याही काचेच्या पेटीत बसून पंडितांच्या वादाचा विषय झाल्या असत्या. त्या म्हाताऱ्यांनी मात्र अक्षरे सांगितली, त्यांचे उच्चार सांगितले, आणि कागदावर गिरवून दाखविली. 2018 साली जगातील लिप्यांच्या संगणकीय संकेतमालेत ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने तिचा समावेश झाला. तत्पूर्वीच परिसरातील काही शाळांतून ती शिकविण्यास आरंभ झाला होता. ती अक्षरे गिरविणाऱ्या गोंड मुलांच्या घरी गोंडी बोलली जाते, परधान मुलांच्या घरी मराठी, आणि पाटीवर दोघेही एकच अ काढतात.